कटिंग मॅट (कापडाच्या डाय-कटरची)

क्विल्टसाठी कापडाचे एकसारखे तुकडे पाडणाऱ्या यंत्रात कापडावर ठेवायची प्लॅस्टिकची सपाट, कडक पाटी. डायचे पाते कापड चिरून पार गेले की त्याची धार या पाटीत किंचित रुतते. रुतली नाही, तर कापडाचे शेवटचे धागे तुटतच नाहीत. त्यामुळे चरे पडणे हा मॅटचा दोष नसून तिचे कामच आहे. दोष सुरू होतो तो त्याच जागी पुन:पुन्हा चरा पडू लागला की.

यंत्र म्हणजे रसवंतीतला चरकच, फक्त टेबलावर मावणारा. दोन रूळ आणि फिरवायला एक दांडा. खाली डाय, त्यावर कापडाच्या घड्या, सर्वांत वर मॅट असा थर रुळांमधून दाबून नेला जातो. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाच्या ॲक्युक्विल्ट कंपनीने 2009 मध्ये ‘गो!’ हे घरगुती यंत्र आणले आणि हा प्रकार क्विल्ट करणाऱ्यांच्या शिवणाच्या खोलीत शिरला. त्यात सुती कापडाचे साधारण सहा थर एका फेरीत कापता येतात. सिझिक्स कंपनीच्या यंत्रांत मात्र पाट्या दोन लागतात, एक डायखाली आणि एक कापडावर.

डायची जात जुनी आहे. पोलादी पट्टी हव्या त्या आकारात वाकवून लाकडी फळीत ठोकायची आणि भोवती स्पंज चिकटवायचा, ही युक्ती खोकी बनवणारे कधीपासून वापरतात. आपल्याकडे लग्नपत्रिकेला नागमोडी कड किंवा खिडकी पाडणारा छापखान्यातला पंचिंगचा डाय याच घराण्यातला. दाबाखाली स्पंज बसतो, पाते वर येते. दाब सुटला की स्पंज फुगून कापलेला तुकडा वर ढकलतो. क्विल्टच्या डायमध्ये शिलाईसाठीची पाव इंचाची माया आधीच धरलेली असते. शेकडो त्रिकोण तंतोतंत सारखे हवे असतील, तेव्हाच या साऱ्या सरंजामाला अर्थ येतो. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बाईला तो कधी लागला नाही. हाती आले ते ठिगळ ती आहे तसे बसवते.

नवी मॅट काही फेऱ्यांतच वाकू लागते आणि ती सदोष निघाली असे वाटून नवखी माणसे हिरमुसतात. कारण साधे आहे. पाते प्लॅस्टिक खरवडून काढत नाही, बाजूला सारते. पाचर मारल्यावर लाकूड फाकते, तसा चिरलेला पृष्ठभाग किंचित पसरतो. मागची बाजू आहे तेवढीच राहते. एक बाजू लांबली, दुसरी नाही, म्हणून मॅट चिरलेल्या बाजूने फुगते. उपायही त्यातच आहे: दर फेरीनंतर मॅट उलटी करायची. दोन्ही बाजू सारख्या चिरल्या गेल्या की बाक आपोआप निघतो. उलटी करण्याबरोबर पुढचे टोक मागे नेले, तर झीज आणखी विखुरते. दहा फेऱ्या एकाच बाजूने मारून मग उलटणाऱ्यांची मॅट लवकर लहरते, आणि लहरलेली मॅट रुळांत शिरताना कापड सरकवते.

सर्वांत जास्त मार पट्ट्यांच्या डायचा. अडीच इंची पट्ट्या पाडणाऱ्या डायमध्ये लांबलचक पाती समांतर बसवलेली असतात. मॅट दर वेळी त्याच कोपऱ्याला टेकवून ठेवली, तर ती त्याच रेघांवर चिरत जाते. शेवटी चर इतका खोल होतो की धार पोकळीत शिरते आणि धागे तसेच राहतात. मॅट दर वेळी बोटभर इकडेतिकडे सरकवली तरी पुष्कळ फरक पडतो, मात्र सर्व पाती तिच्याखाली झाकलेली हवीत. कड पात्यावर आली, तर तिची कपची निघते. मॅट डायच्या मापाची घ्यावी. 6×6, 6×12, 10×24 इंच अशी मापे मिळतात. लहान डायसाठी मोठी मॅट वापरली, तर तिचा एकच भाग झिजतो आणि उरलेली नुसती फिरत राहते.

चरांत कापसाचा भुगा आणि धाग्यांची टोके अडकतात. कपड्यांवरची लव काढणारा चिकट रोलर, नाहीतर जुना टूथब्रश पुरतो. फारच मळली तर कोमट पाणी आणि साबण, मग आडवी ठेवून वाळवणे. उन्हात तापलेली मोटार, गरम इस्त्री, भिंतीला तिरकी टेकवून ठेवणे, या तिन्ही गोष्टी प्लॅस्टिकला वाकवतात. जात्याला टाकी लावता येते, तशी झिजलेल्या मॅटला पुन्हा घडवता येत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी हिरवी, चौकटी आखलेली ‘सेल्फ-हीलिंग’ मॅट ही वेगळी वस्तू. ती फिरत्या चकतीच्या कटरसाठी असते. तो कटर जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये आणला. ती मॅट मऊ असते, चकतीचा बारीक चिरा तिच्यात मिटतो. रुळांखालच्या दाबाला ती दबते, आणि कापड नीट कापले जात नाही. उलट, मॅटऐवजी धातूचा पत्रा घालणेही महागात पडते, कारण धार त्यावर बोथट होते आणि डाय मॅटपेक्षा बराच महाग असतो.

मॅट किती फेऱ्या टिकते याचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. सुती कापडाच्या दोन घड्या आणि डेनिम यांत फार अंतर आहे. कापड काही ठिकाणी चिकटून राहू लागले, की बरेच जण डायखाली जाड कागद सरकवून दाब वाढवतात. थोडे दिवस निभते, पण यंत्राच्या दातेरी चाकांवर ताण येतो. त्याआधी एक सोपी तपासणी करावी. न कापलेली जागा खडूने टिपावी, मॅटचे पुढचे टोक मागे करावे आणि पुन्हा कापावे. न कापलेली जागा मॅटबरोबर हलली, तर मॅट संपली. डायवर ती तिथेच राहिली, तर तिथल्या पात्याला खाच पडलेली असते किंवा खाली भुगा दाटलेला असतो. अशा वेळी स्पंजाच्या कडेने टाचणी फिरवून पाहावे आणि नव्या मॅटची मागणी थांबवावी.