धाकाविना शिकवणाऱ्या अंगणवाडीचा इतिहास

लहान मुलाच्या मेंदूत धोक्याची चाहूल घेणारा अमिग्डाला हा भाग फार लवकर कामाला लागतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग परिपक्व व्हायला मात्र विशी उलटते. मधल्या काळात मुलाची भीती मोठ्या माणसाच्या मायेने शमते. ती माया मिळाली नाही आणि सतत धाकच वाट्याला आला, तर पुढे चिंताविकार जडण्याचा धोका वाढतो. जन्मजात स्वभावाचाही त्यात वाटा असतो. मेंदूविज्ञानाने हे गेल्या काही दशकांत उलगडले. महाराष्ट्रातल्या बालशिक्षिकांनी धाक त्याच्या कितीतरी आधी वर्गाबाहेर काढला होता.

त्यांपैकी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी शिक्षकी पेशाची सुरुवात नाशिक जिल्ह्यात केली. बालवयात वैधव्य आलेली ही बाई जिद्दीने शिकली होती. पुढे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवून १९४५ मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांकडे गेल्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांच्या साथीने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला होता. शिक्षा नको आणि बक्षिसाचे आमिषही नको, हा त्यांचा इटालियन शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीकडून घेतलेला आग्रह होता. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने वापरात आली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. १९५७ पासून जवळच्या कोसबाडला हे काम वाढले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरली. ओळखीची जागा, ओळखीची माणसे आणि हातात खेळ असला, की मूल बुजत नाही, हे या बायांनी अनुभवातून जाणले होते. बालशिक्षणाला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी होय.

१९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणात भरणारी ही शाळा अंगणवाडी म्हणून हळूहळू देशभर पोचली. नाशिकच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या पाड्यांवर तिची गरज विशेष आहे. तिथली कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मुले सोबत फरफटतात किंवा आजीपाशी राहतात. परंतु पोषण आहार, वजने, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरच्या नोंदी यांत सेविकेचा दिवस सरतो, आणि गाणी-गोष्टी मागे पडतात.

मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाआधी होतो, असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते. त्या वयाची मुले सांभाळणाऱ्या सेविकेला अजून वेतन नाही, मानधन मिळते. तिला शिक्षिकेचा दर्जा आणि मुलांसाठी मोकळा वेळ शासनाने दिलाच पाहिजे.