मुरूम की पाषाण

मुरूम की पाषाण, यावर आमच्या घरी आठवड्याला किती तांदूळ येणार ते ठरायचं. खोदकामाची मजुरी मापावर, आणि मापाचा दर जमिनीच्या जातीवर. मातीला सगळ्यात कमी, मुरमाला थोडा जास्त, कठीण मुरमाला त्याहून जास्त, आणि पाषाण लागला की दर एकदम चढे. पण जमिनीची जात पहार मारणारा ठरवत नसे, वहीवाला ठरवी. माझ्या आजाने जन्मभर जी भांडणं केली त्यातली निम्मी या एका मुद्द्यावरची. उरलेली निम्मी आजीशी.

आमचा पाडा मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या अंगाला. हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा दगड. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा सापडतो, कुठे भोकाभोकांचा ठिसूळ खडक. हे मी स्थापत्याच्या पदविकेला असताना वाचलं. आजाने ते विहिरी खणताना पाहिलं होतं. पहार जमिनीवर आपटली की तो मान कलती करून आवाज ऐके. भदकन बसली तर मुरूम. ठण्ण वाजून हाताला झिणझिण्या आल्या तर पाषाण. आणि ठण्ण वाजूनही आवाज पोकळ आला, तर वर नुसती दगडाची पापडी आहे आणि खाली पुन्हा मऊ. इथेच नवखा फसतो, असं तो सांगायचा.

दगडाशी ही ओळख पणज्यापासूनची. जव्हारचं संस्थान मुकण्यांचं, कोळी राजांचं. शेवटचे राजे यशवंतराव यांनी जयविलास राजवाडा बांधला, त्याच्या पायाच्या दगडाला पणजा हात लावून आला होता, असं आजा सांगे. त्या काळी दगड फोडायचा तो छिन्नीने आणि पाचरीने. एका ओळीत भोकं पाडायची, त्यांत पाचरी बसवायच्या, मग घणाने एकेक ठोका देत पहिल्या पाचरीपासून शेवटच्या पाचरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. एकीवर जोर जास्त पडला तर चीर वाकडी जाते. सगळ्या सारख्या ताणल्या की दगड आपणहून उकलतो. दारू आली ती नंतर. सुरुंगाचं भोक पाडताना एकजण गज धरून बसे, दुसरा घण घाली. दर ठोक्याला गज थोडा फिरवायचा, अधूनमधून पाणी ओतायचं आणि लांब दांड्याच्या पळीने आतला दगडाचा चिखल काढायचा. गज धरणाऱ्याने वर बघायचं नाही, ही एकच अट. घण घालणाऱ्यावर भरवसा नसेल तर त्याने त्या कामाला बसूच नये.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात आले. पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडलं. या मधल्या काळात आजाने गवत कापलं, जंगलात कुपाचं काम केलं, आणि १९७९ मध्ये रोजगार हमीचा कायदा लागू झाल्यावर हमीच्या कामांवर माती खणली. इथली एक गोष्ट तो दर शिमग्याला सांगायचा, आणि आजी दर वेळी 'पुरे की' म्हणायची.

हमीवर चौकडी खणायची. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. खोली मोजता यावी म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खोदता राखायचा, त्याच्या डोक्यावरच्या गवतासकट. गवत शाबूत असलं म्हणजे मूळ जमीन तिथवर होती. आजाच्या टोळीने एका रात्री खुंटाच्या डोक्यावर वीतभर मातीचं ढेकूळ चढवलं, वर बांधावरून आणलेला गवताचा थर नीट बसवला आणि पाणी शिंपडलं. वीतभर खोली आयती वाढली. सकाळी ओव्हरसियर आला, टेप धरली, माप लिहिलं. मग खुंटाकडे बघत राहिला. तो शेतकऱ्याचा पोर निघाला. सगळ्या माळावर कुसळी, आणि या एका खुंटाच्या डोक्यावर हिरवीगार हरळी! त्याने एक शब्द न बोलता खोलीचं माप खोडलं, आणि जाता जाता जिथे 'पाषाण' लिहिलं होतं तिथे 'मुरूम' केलं. खोलीची चोरी आमची, पण तो पाषाण खराच होता, हे सांगताना आजाचा आवाज म्हातारपणीही चढे.

हमीची कामं सलग मिळत नसत. नाचणी-वरई घरात आली, दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं जगायला जातात. गावाला जातो, कामाला जातो असं कोणी म्हणत नाही, जगायला जातो म्हणतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. काही कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर, काही वसई-विरारकडे इमारतींच्या पायांवर. १९९० मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं आणि चार-चार मजल्यांच्या इमारती भराभर उठू लागल्या. बागायती वाचवायला तिथली माणसं 'हरित वसई' म्हणत रस्त्यावर उतरली होती. आजाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याला खड्डा हवा होता. दोघांचंही खरं होतं, असं मला वाटतं.

तिथे त्याची पहार पहिल्यांदा मुकी झाली. खाडीकाठची चिकणमाती निळसर काळी, कुजका वास येणारी. टिकाव मारला तर रुतून बसतो. फावड्याला चिकटलेली माती पडतच नाही, म्हणून बाजूला पाण्याचं डबडं ठेवून फावडं त्यात बुडवत राहायचं. सकाळी चार फूट रुंद खणलेला चर संध्याकाळी बघावा तर आत सरकलेला. पाणी उपसायला पंप चालूच. आजाने तिथे कानाऐवजी तळहात वापरला. माती चिमटीत घेऊन दोन तळव्यांमध्ये वात वळायची. वात लांब होत गेली आणि तुटली नाही, तर ही माती पाण्याने फुगणार, उन्हाने आकसणार, हिच्यावर भिंत ठेवायची नाही. पुढे पदविकेच्या प्रयोगशाळेत काचेवर मातीची ३ मिलिमीटर जाडीची वात वळायला सांगितली, तेव्हा सरांनी समजावण्याआधीच माझे हात चालू लागले होते.

एकदा काठावर टाकलेल्या मातीच्या ढिगासकट चराची बाजू खाली आली. आदल्या रात्री उधाण होतं. टोळीतला एकजण छातीपर्यंत गाडला गेला. आजाने पहिल्यांदा सगळ्यांची फावडी वर फेकायला लावली आणि हातांनी माती काढायला सांगितली, कारण घाईत फावडं माणसालाच लागतं. मऊ जमिनीत चर दीड मीटरच्या खाली गेला की बाजूंना फळ्या आणि आडव्या बल्ल्यांचा आधार द्यावा, उपसलेली माती काठापासून लांब टाकावी, असं माझ्या पुस्तकात छापलेलं आहे. त्या ठेकेदाराकडे बल्ल्या होत्या. त्या वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी राखून ठेवलेल्या. माणूस वाचला. त्याला दोन दिवसांची खर्ची जास्त मिळाली आणि टोळी तिसऱ्या दिवशी त्याच चरात उतरली.

जिथे चिकणमाती फार खोल, तिथे पाईल उतरवत. जड छिन्नी उचलून आपटत भोक खाली न्यायचं. कितीतरी वेळ नुसता गाळ वर येई, आणि मग एकदम काळा चुरा. आजा तो चिमटीत घेऊन धुवायचा, उन्हात धरायचा. "हा आपलाच हाय," म्हणायचा. बरोबरच होतं. खाडीच्या गाळाखाली तोच मोखाड्याचा पाषाण, तेच लाव्ह्याचे थर. याच दगडावर आमच्या तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरणाची १०२ मीटर उंच भिंत उभी राहिली. तिथून मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. आमच्या पाड्यातल्या बाया चैत्रात झऱ्यावर रांग लावतात. हे इतक्यांदा लिहून झालंय की मी इथेच सोडतो.

आजाच्या स्वतःच्या घराला पाया नव्हता. मेढी पुरायला खड्डे, मधे कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप. माझ्या बापाने घरकुल मंजूर करून घेतलं तेव्हा आजाने पाया स्वतः खणला आणि ठरल्यापेक्षा हातभर जास्त खणला. गवंडी कुरकुरला, सिमेंट जास्त लागेल म्हणून. आजा म्हणाला, पापडी आहे, खाली जा. खरंच पापडी निघाली.

आता विरारला माझा चुलतभाऊ जातो. खोदकाम पोकलेन करतं आणि पाषाण लागला की त्याच्या टोकाला ब्रेकर लावतात. वस्तीत सुरुंगाला परवानगी मिळत नाही, मिळाली तरी शेजारच्या इमारतींना तडे जाण्याची भीती. तळाचा शेवटचा वीतभर थर मात्र यंत्राने काढायचा नसतो, खालची जमीन ढिली होते. तो हाताने काढायचा, सुटलेला दगड वेचायचा, तळ झाडून धुवायचा, मग काँक्रीट. हे काम अजून आमच्या माणसांचं आहे. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार नाक्यांवर चार मालकांकडे राबणाऱ्याला तो सही करून कोण देणार? भावाने दोन वर्षं खेटे घातले आणि शेवटी ग्रामसेवकाच्या सहीवर नोंदणी झाली.

मुरूम की पाषाण हा वाद तिथे आजही होतो. पण तो आता ब्रेकरवाला आणि बिल्डरच्या इंजिनियरमध्ये होतो, कारण ब्रेकरचं भाडं तासावर आहे आणि कठीण दगडाला तास जास्त लागतात. भावाला हजेरी मिळते, खाली काहीही लागो. मागच्या महिन्यात ते दोघे चराच्या काठावर तासभर भांडत होते. भावाने खाली उभ्या उभ्या पहार आपटून बघितली. पाषाण होता. त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. ब्रेकर बंद होता तेवढा वेळ त्याने डबा खाऊन घेतला.