शांघायची रात्र आणि पाहुण्यांचा कायदा

देश तसा वेश, असे आपण म्हणतो. परमुलखात गेलेल्या माणसाने तिथल्या रीतीभातीला मान द्यावा, हे साधे शहाणपण त्यात सांगितले आहे. परंतु इतिहासात असेही प्रवासी होऊन गेले, की ज्यांनी वेश तर बदलला नाहीच, उलट आपला देशच सामानाबरोबर नेला. आपला कायदा, आपले न्यायाधीश, आपले पोलीस आणि आपले क्लब त्यांनी परक्या भूमीवर उभे केले. असे पाहुणे कसे वागले आणि त्यांनी कोणाकोणाला दाराबाहेर ठेवले, याचा विचार आपण शांघाय शहराच्या आधाराने करणार आहोत. आणि तोही शांघायच्या दिवसाचा नव्हे, रात्रीचा.

रात्रीचाच का, असे कोणी विचारील. दिवसा बाजारात गिऱ्हाईक आणि दुकानदार यांना एकमेकांची गरज असते, म्हणून तेथे भेदभाव पुष्कळसा झाकला जातो. काम संपल्यावर मात्र कोणाच्या शेजारी बसावयाचे, कोणाबरोबर हसावयाचे, हे माणूस आपल्या मर्जीने ठरवितो. म्हणून एखाद्या समाजाचे मन पाहावयाचे असेल, तर त्याची पेढी पाहू नये, त्याच्या नाचघराचे दार पाहावे.

शांघायचे दार परकीयांना उघडले ते तोफांनी, आणि त्याची किल्ली होती अफू. ही अफू हिंदुस्थानातून जात असे. बंगालची कलकत्त्याहून आणि माळव्याची बरीचशी आपल्या मुंबई बंदरातून. चीनच्या बादशहाने ती रोखू पाहिली, तेव्हा युद्ध झाले आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने शांघायसह पाच बंदरे इंग्रजांना खुली झाली. पुढच्या दोनतीन वर्षांत इंग्रज, अमेरिकन आणि फ्रेंच यांनी आणखी एक सवलत मिळविली. त्यांच्या माणसाने चीनच्या भूमीवर गुन्हा केला, तरी त्याचा न्याय चिनी न्यायाधीशाने करावयाचा नाही, त्याच्या स्वतःच्या वकिलातीने करावयाचा. ही सवलत पुढे डझनाहून अधिक राष्ट्रांनी घेतली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तसे झाले. १८६३ साली इंग्रज व अमेरिकन वसाहती एकत्र होऊन आंतरराष्ट्रीय वसाहत बनली. फ्रेंचांनी आपली वेगळी ठेवली. १९३० च्या शिरगणतीत या आंतरराष्ट्रीय वसाहतीत परदेशीय होते सुमारे ३६ हजार आणि चिनी साडेनऊ लाखांहून अधिक. कर दोघेही भरत. परंतु नगरपालिकेत पहिले चिनी सभासद बसले ते १९२८ साली.

आता या वसाहतीतली संध्याकाळ पाहू. नदीकाठच्या बंड नावाच्या रस्त्यावर शांघाय क्लबची दगडी इमारत होती. तेथील मद्याचा ओटा शंभर फुटांहून लांब म्हणून जगभर गाजलेला. मोठ्या पेढ्यांचे धनी नदीकडच्या टोकाला उभे राहत आणि नवशिके कारकून दुसऱ्या टोकाला. म्हणजे गोऱ्यांतही पायऱ्या होत्याच. परंतु त्या ओट्याजवळ चिनी माणसाला जागा नव्हती. तो कितीही धनाढ्य असो, याच सभासदांच्या पेढ्यांचा भागीदार का असेना. स्त्रियांनाही नव्हती.

जवळच सार्वजनिक बाग होती. तिच्या दारावर ‘कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव’ अशी पाटी होती, असे सर्वत्र सांगतात. नेमक्या या शब्दांची पाटी असल्याचा भक्कम पुरावा नाही. १९१७ च्या नियमावलीत पहिले कलम होते, की बाग परदेशीय समाजासाठी राखीव आहे. कुत्रे आणि सायकली आणू नयेत, हे कलम वेगळे होते. गोऱ्यांच्या सेवेत असलेल्या चिनी नोकरांना मात्र आत येता येई. इतिहास लिहिणाराने पाटीची गोष्ट दुरुस्त करून सांगावी, हे योग्यच. पण दुरुस्तीने अपमान कमी होतो असे समजू नये. स्वतःच्या गावच्या बागेत जावयाचे, तर दुसऱ्याचे मूल कडेवर घेऊनच जावे लागे. १८६८ साली उघडलेली ही बाग चिनी माणसाला मोकळी व्हायला १९२८ साल उजाडले.

नाचघरांचा न्याय थोडा निराळा होता. क्लबाचे दार रंग पाहून उघडे, नाचघराचे बहुधा पैसा पाहून. तिकिटांची पुडी विकत घ्यावी आणि एकेका नाचाला एकेक तिकीट नर्तकीच्या हाती द्यावे, अशी रीत होती. १९३३ साली चिनी भांडवलावर ‘पॅरामाउंट’ हे भव्य नृत्यगृह उभे राहिले आणि चिनी तरुण तेथे आपल्याच पैशाने आपल्याच शहरात रात्र घालवू लागले.

या नर्तकींत चिनी मुलींबरोबर रशियन स्त्रियाही पुष्कळ होत्या. १९१७ च्या क्रांतीनंतर देशोधडीला लागलेली ही कुटुंबे. त्यांचे जुने राज्य बुडाले होते आणि पाठीशी वकिलात उरली नव्हती. कातडी गोरी, पण कायद्याचे छत्र नाही! या स्त्रिया चिनी पुरुषांबरोबर नाचताना पाहून इतर गोऱ्यांना खंत वाटे, ती त्यांच्या दारिद्र्याची कमी आणि गोऱ्या जातीची पत जाईल याची जास्त. राष्ट्रसंघाने पूर्वेकडील स्त्रियांच्या व्यापाराची चौकशी केली, तिच्या अहवालात या रशियन निर्वासित स्त्रियांचा प्रश्न ठळकपणे आला. तोच नाच चिनी मुलगी नाचत होती. तिच्यासाठी कोणाची पत धोक्यात आली नव्हती.

फ्रेंच वसाहतीत दारूच्या गुत्त्यांची एक लहानशी गल्ली होती. तिला खलाशी ‘ब्लड अ‍ॅली’, म्हणजे रक्ताची गल्ली, म्हणत. निरनिराळ्या राष्ट्रांचे शिपाई व खलाशी तेथे पिऊन मारामाऱ्या करीत. हा दारूचा दोष, असे म्हणून पुष्कळ लेखक पुढे जातात. आम्हांस ते पटत नाही. दारू तर त्यांच्या स्वतःच्या गावीही मिळत होती. परंतु तेथे सकाळी गावच्या न्यायाधीशापुढे उभे राहावे लागे. येथे ज्याला मार बसला तो रिक्षावाला एका कायद्याखाली आणि ज्याने मारले तो दुसऱ्या कायद्याखाली. दाद मागावयाची, तर मारणाऱ्याच्याच देशाच्या न्यायाधीशाकडे, आणि तीही परक्या भाषेत. उन्मत्तपणा पेल्यातून येतो त्याहून अधिक जाब न द्यावा लागण्यातून येतो.

आणि ही व्यवस्था सांभाळीत होते कोण? आपलीच माणसे. १८८० नंतरच्या दशकात वसाहतीच्या पोलिसांत शिखांची भरती सुरू झाली. घरी गुलाम असलेला हिंदी शिपाई येथे दुसऱ्या गुलामावर पहारा करी. ३० मे १९२५ रोजी नानकिंग रस्त्यावर इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकुमाने निदर्शकांवर गोळ्या सुटल्या, अनेक माणसे मेली, तेव्हा बंदुका धरणाऱ्यांत शीख आणि चिनी शिपाईही होते. त्या शिपायांना दोष देणे सोपे आहे. पण परक्याचे राज्य परक्याच्याच हातांनी चालते, हे त्यांतून शिकण्याजोगे आहे.

आता या कथेतले एक चमत्कारिक पात्र पाहू. १९३४ साली बक क्लेटन हा बावीस वर्षांचा निग्रो अमेरिकन तुतारीवादक आपला वाद्यवृंद घेऊन शांघायला आला. फ्रेंच वसाहतीतील कॅनिड्रोम या नृत्यगृहात ही मंडळी जाझ वाजवीत. स्वदेशात जो मान कधी मिळाला नव्हता, तो त्यांना चिनी श्रोत्यांनी दिला. विघ्न आले ते त्यांच्याच देशाकडून. एका गोऱ्या अमेरिकनाने क्लेटनवर हात टाकला, मारामारी झाली, आणि नोकरी गेली ती वादकांची. पुढे त्यांनी लहानशा नाचघरात काम धरले आणि तेथे चिनी लोकप्रिय गाणी शिकून वाजविली. क्लेटन १९३६ साली परतला, काउंट बेसीच्या विख्यात वृंदात नावाजला आणि १९८६ च्या आत्मचरित्रात त्याने शांघायच्या दिवसांना आयुष्यातील अत्यंत सुखाचे दिवस म्हटले. अमेरिकन म्हणून याच्याही पाठीशी तहाचे कलम होते. पण त्या गोऱ्या देशबांधवाने घरचा वर्णद्वेष पेटीत घालून आणला होता, आणि त्यापुढे कलम थिटे पडले.

क्लेटनला शांघायला आणण्यात टेडी वेदरफोर्ड या निग्रो पियानोवादकाचा हात होता. हा पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत असे. १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारला. त्या काळी मुंबईतल्या कित्येक गोऱ्या क्लबांत हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. ताजच्या दिवाणखान्यात मात्र हिंदी, पारशी आणि युरोपियन एकाच सुरावर नाचत. या निग्रो वादकांचे जाझ गोव्याच्या वादकांनी कान देऊन ऐकले आणि आपलेसे केले. त्यांतलाच अल्दोण्याचा आंतोनियु वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात त्याची साथ आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना लाभली. भगवानदादांच्या ज्या चालींवर आपण ताल धरतो, त्यांत शिकागो आणि शांघायहून आलेला एक झरा मिसळलेला आहे.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानने आंतरराष्ट्रीय वसाहत ताब्यात घेतली. ११ जानेवारी १९४३ रोजी इंग्लंड व अमेरिका यांनी नवे तह करून आपले खास न्यायाधिकार सोडले. एका शतकाचा पाहुणचार संपला. क्लबाची इमारत आजही बंडवर उभी आहे. तिच्या दारावरचा मज्जाव गेला.

परदेशात माणूस कसा वागतो, हे केवळ त्याच्या स्वभावावर नसते. तेथे त्याला कोणापुढे जाब द्यावा लागतो, यावर ते पुष्कळसे असते. ज्याच्या पाठीशी आरमार तो उन्मत्त झाला. ज्याच्या पाठीशी कोणीच नाही, ती स्त्री तिकिटाच्या मोलाने विकली गेली. आज आपली मुलेमाणसे आखाती देशांत, अमेरिकेत, युरोपात राहतात आणि परक्या देशांची मुले शिकावयास आपल्या गावांत येतात. आरमार आता कोणाच्या पाठीशी नाही. पण पेटी प्रत्येकाजवळ आहे. जात, रंग आणि पैशाची घमेंड यांतले काय तीत भरून नेतो, आणि दाराशी आलेल्या परक्याला कोणत्या नजरेने पाहतो, याचा झाडा आपला आपणच घ्यावयाचा आहे. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या न्यायालयाची वाट पाहू नये.