महाराष्ट्रातील प्रांतिक व स्थानिक कर आणि कुटुंबावरील भार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कराचा दर सर्वांना समान असला तरी त्याचा भार समान नसतो. ज्या कुटुंबाचे बहुतेक उत्पन्न अन्न, मीठ, इंधन व कपडालत्ता यांवर खर्च होते, त्याला वस्तूवरील कर अधिक जाचतो. ज्याच्या हाती शिल्लक उरते, त्याला तो फारसा जाणवत नाही. उत्पन्न वाढत असताना ज्या कराचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण घटत जाते, त्यास अर्थशास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात. प्रस्तुत लेखात मुंबई इलाखा व पुढे महाराष्ट्र राज्य येथील काही निवडक करांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

मोहतर्फा आणि मीठ

इंग्रजी अंमलाच्या आरंभी कारागीर व दुकानदार यांच्याकडून मोहतर्फा, बलुतेदारांकडून बलुते कर आणि शहरांत येणाऱ्या मालावर नगरजकात घेतली जात असे. सन 1844 च्या 19 व्या कायद्याने मुंबई इलाख्यातील हे सर्व कर रद्द करण्यात आले. विणकर, सुतार, तेली अशा कष्टकरी वर्गाला त्यामुळे दिलासा मिळाला. तथापि बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. त्याविरुद्ध त्याच वर्षी सुरत येथे मोठा उठाव झाला आणि कर बारा आण्यांवर आणावा लागला. ही माघार तात्पुरती ठरली. 1877 पर्यंत हा दर अडीच रुपयांवर पोहोचला.

या घटनेत पुढील इतिहासाचे सूत्र दिसते. श्रीमंताच्या व मजुराच्या घरी लागणाऱ्या मिठात फारसा फरक नसतो. त्यामुळे एक अन्याय्य कर गेला, पण त्याची जागा घेणारा कर गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचला.

नगरपालिका आणि जकात

सन 1850 च्या 26 व्या कायद्यान्वये गावोगावी नगरपालिका स्थापन होऊ लागल्या आणि 1844 मध्ये गेलेली नगरजकात स्थानिक कराच्या रूपाने परतली. नाक्यावर व्यापाऱ्याकडून वसूल होणारी जकात मालाच्या किमतीत मिसळून जाई; घरपट्टी मात्र घरमालकाला थेट द्यावी लागे. मताधिकार मालमत्तेशी व करभरणीशी निगडित असल्याने नगरपालिकांत मालमत्ताधारकांचा आवाज मोठा होता. साहजिकच अप्रत्यक्ष कर सोयीचा वाटला.

ग्रामीण भागात जमीन महसुलावर लोकल फंडाचा उपकर होता. 1869 च्या कायद्याने त्यास निश्चित रूप दिले. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात रयतेच्या श्रमातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधले. कर कोण देतो याबरोबरच तो कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला.

व्यवसाय कर व रोजगार हमी

स्वातंत्र्योत्तर काळात या दुसऱ्या प्रश्नाला महाराष्ट्राने एक महत्त्वाचे उत्तर दिले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातील नोकरदाराने दिलेला कर दुष्काळी भागातील मजुराच्या मजुरीस उपयोगी पडावा, ही त्यामागील कल्पना होती.

मात्र संविधानाच्या अनुच्छेद 276 नुसार या कराची वार्षिक कमाल मर्यादा प्रथम 250 रुपये होती. 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती 2,500 रुपये झाली. महाराष्ट्रात दरमहा 10,000 रुपयांहून अधिक वेतन असलेला पुरुष कर्मचारी वर्षाला 2,500 रुपये भरतो. दरमहा 12,000 रुपये मिळवणाऱ्याच्या बाबतीत ही रक्कम वार्षिक वेतनाच्या सुमारे 1.74 टक्के होते, तर 1,20,000 रुपये मिळवणाऱ्याच्या बाबतीत केवळ 0.17 टक्के. एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना सूट मिळाली. पुरुषांच्या बाबतीत ही विषमता कायम आहे. म्हणजे खर्चाच्या बाजूने समतेकडे नेणारा हा कर वसुलीच्या बाजूने प्रतिगामी आहे.

जकातीचा शेवट

नगरपालिका क्षेत्रातील जकात 1999 मध्ये बंद झाली. महानगरपालिकांत तिची जागा 2010 पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कराने घेतली, तर मुंबईतील जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. सुट्या धान्याला या करातून वगळल्याने गरीब कुटुंबास काही संरक्षण मिळाले. परंतु जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद धान्यावर 5 टक्के कर आला. मुंबईत जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता करातून सूट मिळाली, ही त्यामानाने प्रागतिक तरतूद होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, कर रद्द होणे म्हणजे भार नाहीसा होणे नव्हे. बहुधा तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. मोहतर्फा गेला, तेव्हा मीठ महागले. नगरजकात गेली, ती नगरपालिकेच्या नाक्यावर परत आली. म्हणून कोणत्याही करसुधारणेचे मूल्यमापन तिजोरीत जमा होणाऱ्या रकमेवरून न करता, अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या मिळकतीतील किती हिस्सा करापोटी जातो आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडते, या दोन कसोट्यांवर होणे आवश्यक आहे.