‘समाप्त’ची पाटी कुठे गेली?



श्रावणात आपण कहाणी ऐकायला बसतो. हातात अक्षता असतात. ‘सुफळ संपूर्ण’ म्हटले की अक्षता वाहायच्या आणि उठायचे. गोष्ट संपली, हे लहान पोरीलाही कळते. जुन्या सिनेमातही असेच होते. पडद्यावर ‘समाप्त’ अशी पाटी यायची, दिवे लागायचे आणि डोळे पुसत लोक बाहेर पडायचे.

आता सिनेमा संपला असे वाटते, तेवढ्यात कोणीतरी नवीन माणूस पडद्यावर येतो, काहीतरी बोलून जातो आणि मग पाटी येते, ती पुढच्या भागाची. म्हणून आज आम्ही सिनेमाच्या शेवटाविषयी बोलणार आहोत. त्यातही बाईच्या गोष्टीचा शेवट कसकसा होत आला, याविषयी.

सुरुवात 1936 सालापासून करू. पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ त्या वर्षी आला. त्याच्या शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात. जिजाई मात्र पोराबाळांपाशी, आपल्या संसारात मागे राहते. पुरुषाच्या गोष्टीला शेवट मिळाला. बाईच्या कामाला मात्र शेवट नव्हता. तो सिनेमा घरोघरच्या बायकांना आपला वाटला, त्यात जिजाईचा वाटा मोठा होता.

पुढच्याच वर्षी, 1937 मध्ये, प्रभातचाच ‘कुंकू’ आला. व्ही. शांताराम यांनी तो केला आणि नीरेचे काम शांता आपटे यांनी केले. नीरेचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. ती पळून जात नाही. पण त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शेवटी त्या म्हाताऱ्याला आपली चूक कळते. तो तिला मोकळी करणारे पत्र लिहितो आणि जीव देतो.

आम्ही विचार केला, तिला मोकळे करायला त्याला मरावेच का लागले? उत्तर कायद्यात आहे. विधवेच्या पुनर्विवाहाला 1856 पासून कायद्याची परवानगी होती. पण आपल्या मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो 1947 मध्ये, आणि देशभर हिंदू विवाह कायदा झाला 1955 मध्ये. अनेक जातींत काडीमोडीची रीत होती, पण नीरेच्या घरासारख्या घरांत ती नव्हती. म्हणजे नवरा जिवंत असेपर्यंत नीरेला सुटकेचा रस्ताच नव्हता. काळाने जी दारे बंद ठेवली होती, ती सिनेमाच्या शेवटातही बंदच राहिली.

आता 45 वर्षे पुढे येऊ. 1982 मध्ये ‘उंबरठा’ आला. तो केला डॉ. जब्बार पटेल यांनी, आपल्या पंढरपूरला जन्मलेल्या माणसाने. त्यात स्मिता पाटील यांची सुलभा महिलांच्या सुधारगृहात नोकरीला जाते. तिथली लबाडी सहन होत नाही म्हणून परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. सुलभा रडत घरात बसत नाही. पुन्हा उंबरठा ओलांडते. यावेळी कोणाला मरावे लागले नाही. ती पुढे कुठे गेली, तिचे काय झाले, हे सिनेमा सांगत नाही. पण ती गोष्ट अर्धवट वाटत नाही. कारण तिने आपला निर्णय घेतलेला असतो, आणि पुढचा विचार आपल्यावर सोपवलेला असतो.

आणि मग आला 29 एप्रिल 2016, ‘सैराट’. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची. आपलीच बोली, आपलाच ऊस, आपल्याच विहिरी. गाण्यांवर लोक थिएटरात उठून नाचले. आणि शेवटी त्याच थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांना चहा देते, आणि तीच माणसे आर्ची-परशाचा जीव घेतात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले त्यांचे लेकरू परत येते आणि रक्ताची पावले उमटवत दाराबाहेर जाते. आवाज नाही, गाणे नाही.

1937 मध्ये नीरेला कायद्याने अडवले होते. आर्चीला कायद्याने अडवले नव्हते. जातीबाहेर लग्न करायला 1954 चा विशेष विवाह कायदा होता. तिला अडवले ते घराने.

या शेवटाचे दोन अर्थ लावले गेले, आणि दोन्ही आम्ही ऐकले. कोणी पोरींना दटावले, ‘बघ, पळून गेलं की असं होतं.’ कोणी म्हणाले, ‘पोरीचं काय चुकलं? हात उगारणाऱ्याला विचारा.’ हा वाद आमच्या बचत गटाच्या बैठकीतही झाला. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. पण वाद झाला, हेच महत्त्वाचे. गोष्ट तिथेच थांबली होती, म्हणून बोलणे आमच्यावर आले.

याच गोष्टीवरून हिंदीत 2018 साली ‘धडक’ झाला. तिथे शेवट बदलला. नवरा आणि बाळ मारले जातात, मुलगी जिवंत राहते. मग 2025 मध्ये ‘धडक 2’ आला. त्यात माणसे वेगळी आणि गोष्टही वेगळी. जातीपातीचा विषय तेवढा तोच. म्हणजे पुढे चालले ते नाव. चांगल्या चाललेल्या दुकानाची पाटी नव्या दुकानावर लावावी, तसे.

यामागचा हिशेब साधा आहे. सिनेमाला पैसा फार लागतो. नवे नाव लोकांना माहीत करून द्यायचे तर आणखी खर्च. ओळखीच्या नावाला गिऱ्हाईक आधीच तयार असते. म्हणून ‘टाइमपास’चे 3 भाग झाले, ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे 3 झाले. भावल्याचा ‘झपाटलेला’ 1993 चा, त्याचा दुसरा भाग 20 वर्षांनी, 2013 मध्ये आला.

पुढचा भाग वाईटच असतो, असे आम्ही म्हणत नाही. ‘झिम्मा’तल्या बायका 2021 मध्ये सहलीला गेल्या आणि 2023 मध्ये पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा मैत्रिणी परत भेटल्यासारखे वाटले.

पण एक धोका दिसतो. ‘बाहुबली’चा पहिला भाग 2015 मध्ये एका प्रश्नावर थांबला. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हे सगळा देश 2017 पर्यंत विचारत राहिला. त्याच सिनेमात देवसेना 25 वर्षे साखळदंडात होती. तिच्याविषयी चहाच्या टपरीवर कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही. प्रश्न कोणता विचारायचा, हे सिनेमानेच ठरवून दिले, आणि उत्तरासाठी पुढचे तिकीट काढायला लावले. जो प्रश्न आपण घरी न्यायचा, तो थिएटरातच अडकून राहिला.

‘सैराट’चा प्रश्न घरी आला, आणि त्याला भाग दोनची वाट बघून चालत नाही. 27 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप किंवा जमाव यांना आडवे येण्याचा अधिकार नाही. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि 24 तासांची हेल्पलाइन असावी, असाही आदेश दिला. तातडीला 112 आहे, महिलांसाठी 181 आहे. हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलगी अडचणीत असेल तर फोन करायला मुहूर्त लागत नाही.

आणि आमची एक विनंती. पुढच्या वेळी गटातल्या चारचौघी मिळून सिनेमा पाहाल, टीव्हीवर का होईना, तेव्हा संपल्यावर लगेच उठू नका. पाच मिनिटे बसा. यातल्या बाईचे काय झाले, तिच्यापुढे कोणते दार बंद होते आणि ते कोणी बंद केले, एवढे एकमेकींना विचारा. ‘समाप्त’ची पाटी आता पडद्यावर येत नसेल, तर गोष्ट कुठे थांबवायची आणि बोलणे कुठून सुरू करायचे, ते आपण ठरवू.

बोलणे झाले की आम्हालाही कळवा. येतो आम्ही. रामराम.