मठातील बिअर : चव, परंपरा आणि मर्यादा

'आस्वाद' हा शब्द आपण साहित्याच्या वर्गात इतक्या सहजतेने वापरतो की त्याचे नाते मुळात जिभेशी आहे, याचा विसर पडतो. भरतमुनींना तो पडला नव्हता. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना उलगडताना त्यांनी अन्नाचाच दृष्टान्त घेतला. पुढे अभिनवगुप्त आणि मम्मट यांनी 'पानकरसा'चा दाखला दिला: अनेक द्रव्ये एकत्र मुरली की जी चव निर्माण होते, ती त्यांतल्या कोणत्याही एकाची नसते. या दृष्टान्ताची कसोटी पाहावी असे एक पेय युरोपात आहे. ते म्हणजे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठांत तयार होणारी कडक बिअर. तिच्या इतिहासाकडे वळण्याचे आमचे कारण एवढेच, की आस्वाद घेताना आपण नेमका कशाचा आस्वाद घेतो, हा साहित्यातला जुना प्रश्न तेथे अगदी मूर्त रूपात उभा राहतो.

या बिअरविषयीचे लोकप्रिय चित्र ठरलेले आहे: मध्ययुगीन तळघर, झगा घातलेला वृद्ध मठवासी आणि शतकानुशतके जपलेली गुप्त कृती. बाटल्यांवरील गॉथिक वळणाची अक्षरे या चित्राला खतपाणी घालतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

त्यातला खरोखर प्राचीन भाग आहे तो संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीचा. मठवासीयांनी स्वतःच्या हातांच्या श्रमावर जगावे, असे तिचे अठ्ठेचाळिसावे प्रकरण सांगते. चाळिसावे प्रकरण प्रत्येकाला दिवसाकाठी किती द्राक्षमद्य मिळावे याचे माप ठरवते, आणि ते देताना काहीशी नाखुशीही व्यक्त करते. सत्तावन्नाव्या प्रकरणात मठातील वस्तू बाहेरच्या बाजारभावापेक्षा थोड्या स्वस्तात विकाव्यात, म्हणजे लोभाला वाव राहणार नाही, असा दंडक आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशांत द्राक्षवेल नीट रुजत नाही. तेथे जव पिकते. द्राक्षमद्याची जागा बिअरने घेतली ती या साध्या भौगोलिक कारणाने.

ट्रॅपिस्ट हे नाव नॉर्मंडीतील ला त्राप या मठावरून आले. १६६४ मध्ये तेथील मठाधिपती रांसे यांनी सिस्टर्शियन पंथात कठोर सुधारणा आरंभली. मौन, शाकाहार आणि अंगमेहनत हे तिचे आधारस्तंभ होते. (शातोब्रियाँ यांनी आपल्या अखेरच्या पुस्तकात, १८४४ मध्ये, याच रांसे यांचे चरित्र लिहिले.) फ्रेंच राज्यक्रांतीने हे सारे उधळून लावले. मठ बंद झाले आणि मठवासी परागंदा झाले. आजच्या बेल्जियममधील ओर्वालचा मठ बाराव्या शतकातला; तो १७९३ मध्ये फ्रेंच सैन्याने जाळला. रोशफोरच्या मठातही बिअर बनत असे, पण तोही याच काळात ओस पडला. थोडक्यात, परंपरेचा धागा येथे सरळसरळ तुटला.

नंतर जे उभे राहिले ते नव्याने. निर्वासित मठवासीयांनी १७९४ मध्ये वेस्टमाले येथे वस्ती केली. तेथली पहिली बिअर १८३६ ची, आणि ती मठाच्या पंगतीपुरती होती. वेस्टव्लेटरेनचा मठ १८३१ चा, तर शिमेची ब्रुअरी १८६२ ची. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी आखेल मठाची ब्रुअरी १९१७ मध्ये तांब्यासाठी मोडून नेली. ओर्वालचा मठ १९२६ पासून पुन्हा बांधला जाऊ लागला, आणि त्या खर्चासाठी १९३१ मध्ये तेथे ब्रुअरी निघाली. तिचा पहिला मुख्य कारागीर मार्टिन पापेनहायमर हा जर्मन होता, मठवासी नव्हे.

आणि 'कडक'पणाचे काय? वेस्टमालेची गडद, अधिक जोरकस बिअर १८५६ पासूनची. परंतु खरी कलाटणी मिळाली ती १९१९ च्या एका कायद्यामुळे. समाजवादी मंत्री एमिल व्हान्डरवेल्डे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने पानगृहांतून कडक दारू देण्यास बंदी केली. ग्राहकाची तहान मग तीव्र बिअरकडे वळली. वेस्टमालेची सोनेरी 'ट्रिपल' १९३४ ची आणि शिमेची निळ्या लेबलाची बिअर १९४८ ची. शिमेच्या पेर तेओदोर या मठवासीयांनी लुव्हाँ विद्यापीठातील प्राध्यापक झाँ द क्लेर्क यांच्या साहाय्याने महायुद्धानंतर तेथील यीस्ट आणि कृती यांची घडी बसवली. म्हणजे ज्याला आपण मध्ययुगाचा वारसा समजतो, त्यात राज्यक्रांती, दारूबंदीचा कायदा आणि विसाव्या शतकातील सूक्ष्मजीवशास्त्र यांचा वाटा मोठा आहे. खुद्द मठवासी आपल्या पंगतीत बहुधा सौम्य बिअरच घेत आले. कडक बिअर प्रामुख्याने बाहेरच्या जगासाठी होती.

आता तिच्या चवीकडे वळू. नेहमीच्या बिअरमध्ये सुमारे ५ टक्के मद्यार्क असतो. वेस्टमाले ट्रिपलमध्ये ९.५, वेस्टव्लेटरेनच्या 'बारा' क्रमांकात १०.२ आणि रोशफोरच्या 'दहा' क्रमांकात ११.३ टक्के. इतका मद्यार्क असूनही ती जड होत नाही, कारण माल्टच्या जोडीला घातलेली साखर यीस्ट जवळजवळ पूर्णपणे पचवते. बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट पुन्हा घालतात. त्यामुळे ती बंद बाटलीतही आंबत आणि मुरत राहते. ती बर्फगार पिऊ नये, कारण अति थंडीत तिचा गंध मिटून जातो. गडद प्रकार १२ ते १४ अंशांवर, रुंद तोंडाच्या चषकात, तळाचा गाळ न हलवता हळूच ओततात. रोशफोरमध्ये मनुका, सुके अंजीर, जळत्या साखरेचा कडवट गोडवा आणि मागाहून चॉकलेट जाणवते. ट्रिपलमध्ये पिकल्या फळाचा गंध आणि मिऱ्यासारखा तिखटपणा असतो. शेवट मात्र कोरडा. गंमत अशी की मिरी, लवंग, अंजीर यांपैकी काहीही त्यात घातलेले नसते. ते प्रामुख्याने जव, पाणी, हॉप्स, साखर आणि यीस्ट यांतून उपजते. पानकरसाचा दृष्टान्त येथे अक्षरशः खरा ठरतो. अर्थात एका बाटलीचा जोर साध्या दोन बाटल्यांइतका असल्याने हा आस्वाद घोटाघोटानेच घ्यायचा.

मग या पेयातील 'मठ' नेमका कोठे आहे? कृतीत नाही, प्राचीनतेतही नाही. १९८३ मध्ये हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी रूढ केलेली 'परंपरेची निर्मिती' ही संकल्पना लावून हा विषय येथेच निकालात काढता येईल. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. वेस्टव्लेटरेनचे उदाहरण पाहावे. २००५ मध्ये एका बिअरप्रेमी संकेतस्थळाने तेथील 'बारा' क्रमांकाला जगातील सर्वोत्तम बिअर ठरवले आणि मठाच्या दारात मोटारींच्या रांगा लागल्या. मठाने उत्पादन वाढवले नाही. दूरध्वनीवर नोंदणी आणि माणशी मर्यादा सुरू केली. मठाच्या दुरुस्तीसाठी निधी हवा होता तेव्हा, २०११-१२ मध्ये, काही पेट्या दुकानांतून विकल्या. गरज भागल्यावर ती विक्री थांबवली. मागणी असताना थांबणे हे बाजाराच्या व्याकरणात बसत नाही; बेनेडिक्टच्या व्याकरणात बसते. हा ताण पंथाच्या आतही होताच. केंटकीतील ट्रॅपिस्ट मठात राहणारे कवी टॉमस मर्टन यांनी स्वतःच्या मठाच्या चीजविक्रीवर उपहासात्मक कविता लिहिली आणि शीर्षकातील एका अक्षराच्या जागी डॉलरचे चिन्ह घातले.

१९९७ मध्ये ट्रॅपिस्ट मठांनी संघटना स्थापून आपल्या षट्कोनी शिक्क्याच्या अटी ठरवल्या: वस्तू मठाच्या परिसरात, मठवासीयांच्या हातून किंवा देखरेखीखाली बनावी, उद्योग मठजीवनाच्या तुलनेत दुय्यम राहावा, आणि निर्वाहापलीकडचे उत्पन्न सत्कार्याला जावे. चवीविषयी एकही अट नाही. 'ट्रॅपिस्ट' हा बिअरचा प्रकार नव्हे. ते श्रम, लाभ आणि मर्यादा यांच्यातील एका नात्याचे नाव आहे.

याचा कटू प्रत्यय आखेलला आला. शेवटचे मठवासी गेल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तेथील बिअरने हा शिक्का गमावला, आणि २०२३ मध्ये मठ व ब्रुअरी खाजगी मालकाकडे गेली. शिक्का गेला त्या दिवशी पिंपातील बिअर कालचीच होती. जिभेला कोणताही फरक कळला नसता. संहिता तीच, लेखक मात्र निघून गेलेला. संहिता स्वयंपूर्ण मानणारा समीक्षक म्हणेल, चव तीच असेल तर बाकीचे गौण आहे. आम्ही त्याच्याशी अर्ध्यापर्यंतच सहमत होतो. चव चांगली की वाईट, हे चषकातच ठरते; मठवासीयांची पुण्याई बिघडलेल्या बिअरला सावरू शकत नाही. परंतु त्या चवीचा अर्थ चषकाबाहेर, कोणीतरी 'पुरे' म्हणण्याच्या सामर्थ्यात असतो. मठांतील माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. कृती लिहून ठेवता येईल, यीस्ट प्रयोगशाळेत जपता येईल. 'पुरे' म्हणणारी माणसे मात्र बाटलीत भरून मुरवता येत नाहीत.