क्रांतीनंतर उरलेलें सौजन्य

फ्रान्समध्यें प्रवासास जाणारा मनुष्य शब्दकोश बरोबर घेतो. परंतु तेथील दुकानांत पाऊल टाकतांच कोशापेक्षां शिष्टाचाराची गरज त्यास अधिक भासते. "बाँजूर, मादाम" असा नमस्कार न करतां एकदम भाव विचारणें तेथें उद्धटपणाचें ठरतें. ही रीत वरवरच्या नाजूकपणाची नव्हे. तिच्यामागें मोठा इतिहास आहे.

'मस्यो' याचा मूळ अर्थ 'माझे स्वामी'. क्रांतीपूर्वीं हें संबोधन प्रतिष्ठितांच्याच वांट्यास येई. म्हणून क्रांतिकारकांनीं तें टाकून सर्वांस 'सितोयां', म्हणजे नागरिक, म्हणण्याचा परिपाठ पाडला. फ्रेंचमधील 'त्यु' आणि 'व्हू' हा भेद आपल्या 'तूं' आणि 'तुम्ही' यांसारखाच. एका व्यक्तीस 'व्हू' म्हणणें हा सरंजामशाहीचा अवशेष आहे, तरी सर्वांनीं 'त्यु'च म्हणावें असा हुकूम काढावा, असा अर्ज १७९३ च्या ऑक्टोबरअखेर राष्ट्रीय कन्व्हेन्शनपुढें आला. तसा कायदा झाला नाहीं. तरी सरकारी पत्रांतून 'त्यु' शिरला. पुढें १७९४ च्या जुलैंत रोबेस्पियेरचें पतन झालें, आणि 'व्हू' व 'मस्यो' हळूहळू परतले.

मग येथें क्रांति हरली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आज पाववाल्यासही 'मस्यो' आणि भाजीवालीसही 'मादाम' म्हणतात. सर्वांस खालीं ओढून जें साधलें नाहीं, तें सर्वांस वर चढवून भाषेनें साधलें.

शिष्टाचारास बगल देणारी बोलीही तेथें आहे. तीस 'आर्गो' म्हणतात. १४५५ सालीं दिजाँ येथें एका चोरटोळीची चौकशी झाली, तेव्हां तिचे सांकेतिक शब्द दप्तरांत नोंदले गेले. व्हिक्टर ह्यूगोनें १८६२ च्या 'ले मिझेराब्ल' कादंबरींत या बोलीची विस्तृत चर्चा केली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या उपनगरांतील तरुणांत फैलावलेली 'व्हेर्लां' ही तिचीच एक शाखा. ती शब्द उलटविते. आभाराच्या 'मेर्सी'चें तिनें 'सिमेर' केलें. शब्द उलटला, पण आभार सुटले नाहींत!

प्रवाशानें आर्गो समजून घ्यावी, बोलूं मात्र नये. ती आपसांतली खूण आहे. परक्याच्या तोंडीं ती अस्थानीं सलगी होते. शिष्ट शब्द मात्र पाहुण्यासही खुले आहेत. ते उच्चारणें म्हणजे लीनता नव्हे. समोरचा मनुष्य आपल्या बरोबरीचा आहे, ही ती कबुली होय.